हैदरला हॅम्लेटच्या फूटपट्टीने मोजणाऱ्यांसाठी

परवा एका मित्राकडे जेवणं झाल्यावर कुणीतरी ‘हैदर’, विशाल भारद्वाजने शेक्सपिअरचा हॅम्लेट काश्मिरात नेऊन केलेला सिनेमा, लावला आणि सिनेमा संपायच्या आत भांडण सुरू झालं. सिनेमा तसा जुना झालाय आता, २ ऑक्टोबर २०१४ ला आलेला, त्याच दिवशी ‘बँग बँग’पण होता आणि गर्दी कुठे होती ते वेगळं सांगायला नको. पण इतक्या वर्षांनीही ह्या एका सिनेमावरून चांगली शिकलीसवरलेली माणसं हमरीतुमरीवर येतात. आमच्यात एकजण इंग्रजी शिकवणारा, त्याचं म्हणणं हा हॅम्लेट नाहीच, शेक्सपिअरची पाटी लावून विकलेला काश्मीरचा सिनेमा आहे. दुसऱ्या एकीचं म्हणणं, तेव्हा बायकॉटची हाक दिली गेली तेच बरोबर होतं, लष्कराला व्हिलन केलंय. आणि तिसरा विशाल भारद्वाजचा भक्त, तो आपला ‘मास्टरपीस आहे, कळत नसेल तर सोडा’ एवढंच म्हणत बसलेला. दोन तास वाद झाला आणि गंमत म्हणजे तिघांपैकी एकजणही पडद्यावर नेमकं काय घडतं ह्याबद्दल धड चार वाक्यं बोलला नाही. पहिल्याच्या डोक्यात पुस्तक, दुसरीच्या डोक्यात बातम्या, तिसऱ्याच्या डोक्यात दिग्दर्शकाचं नाव.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हैदर जिथे जिथे हॅम्लेट मोडतो तिथे तिथे तो हॅम्लेटच्या सगळ्यात जवळ जातो, आणि घसरतो तो अगदी शेवटी, जिथे त्याचा प्रेक्षकावरचा भरवसा उडतो. म्हणजे दोष आहेच, पण लोक बोट दाखवतात तिथे नाहीये.

आता इंग्रजीवाल्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, उलट ते नीट मांडलं तर चांगलंच जड आहे (त्याने स्वतः नीट मांडलं नाही, म्हणून मी मांडतो). हॅम्लेटची शोकांतिका ही विचार करणाऱ्या माणसाची शोकांतिका. डेन्मार्कच्या ह्या राजपुत्राला बापाचं भूत सांगतं की मला मारून तुझ्या आईशी लग्न केलेल्या काकाचा सूड घे. त्याच्याकडे कारण आहे, तलवार आहे, संधी आहे, तरी तो मारत नाही, आणि का मारत नाही ह्या एका प्रश्नावर चारशे वर्षं लोकांनी डोकं फोडलंय. ती गाठ त्याच्या आत आहे. आता तुम्ही त्याला १९९५ च्या काश्मिरात आणून टाकलं, आजूबाजूला क्रॅकडाउन, कर्फ्यू, तपासणी नाके, छळछावण्या, बाप उचलून नेलेला, घर उडवलेलं, तर कुणाचंही डोकं फिरेलच की! मग त्यात हॅम्लेटचं वेगळेपण काय राहिलं? आतली गाठ बाहेरच्या जुलमात विरघळून गेली आणि शोकांतिकेची बातमी झाली. शिवाय हॅम्लेटचा मित्र होरेशिओ जवळपास गायब, शेवटी फौज घेऊन येणारा फोर्टिनब्रास नाहीच, शेवटची तलवारबाजी नाही, विषाचा पेला नाही. हा आक्षेप मला बरीच वर्षं खरा वाटत होता, खोटं कशाला बोलू.

पण ह्या आक्षेपाच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की ‘मूळ हॅम्लेट’ नावाचं काहीतरी एक पक्कं, बांधीव आहे. कुठलं मूळ? शेक्सपिअरच्याही चारेकशे वर्षं आधी सॅक्सो ग्रामॅटिकस नावाच्या डेन्मार्कच्या इतिहासकाराने आम्लेथची गोष्ट लिहून ठेवली होती. त्यात हा आम्लेथ वेडाचं सोंग घेतो, काकाला मारतो, दरबाराचा हॉल माणसांसकट जाळतो आणि चक्क राजा होतो. मग सोळाव्या शतकात ती फ्रेंचमध्ये गेली, मग इंग्लंडमध्ये ह्याच नावाचं एक जुनं नाटक होतं जे आज हरवलंय, आणि मग शेक्सपिअरने ते सगळं घेऊन, मोडून, जिवंत राहणाऱ्या नायकाला मारून आपलं नाटक केलं. बरं, त्याचंही एकच रूप आहे का, तर नाही. १६०३ ची एक छोटी प्रत, १६०४-०५ ची मोठी प्रत, १६२३ चा फोलिओ म्हणजे त्याच्या नाटकांचा एकत्र ग्रंथ, तिन्हींत फरक. ‘डेन्मार्क हा तुरुंग आहे’ हे जे हॅम्लेटचं वाक्य सगळे घोकतात ते १६०४ वाल्या प्रतीत नाहीच, ते फोलिओत आहे. हैदर जेव्हा अख्खा काश्मीर म्हणजे कैदखाना आहे असं म्हणतो तेव्हा आमचा इंग्रजीवाला खूश होऊन म्हणाला, हं, हे एवढं मात्र मूळ ठेवलंय. म्हटलं, कुठल्या मुळातलं ते पण सांग.

आणि हे मूळ-मूळ आपल्याला नेमकं हिंदी सिनेमा बघतानाच का आठवतं? मराठी माणसाने तरी ह्या बाबतीत जरा जपून बोलावं. आपल्या घरात ‘नटसम्राट’ आहे. १९७० चं नाटक, शिरवाडकरांचं, डॉक्टर लागूंनी उभं केलेलं, पुढे २०१६ मध्ये त्याचा सिनेमाही झाला. त्याच्या पाठीमागे शेक्सपिअरचा किंग लिअर उभा आहे हे सगळ्यांना माहितीये. पण लिअरला तीन मुली, अप्पा बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरला नाटकात बायको नाही, अप्पांना कावेरी आहे, ज्यांना ते ‘सरकार’ म्हणतात आणि ज्यांच्याशिवाय ते नाटक दोन पायांवर उभंच राहणार नाही. आणि ज्या मुलीसाठी लिअर शेवटी ओक्साबोक्शी रडतो ती कॉर्डेलिया? ती तर नटसम्राटमध्ये नाहीच! शोकांतिकेचा कणा काढून टाकला म्हणा ना. त्यावर कडी म्हणजे अप्पांच्या तोंडी सगळ्यात गाजलेलं स्वगत कुठलं, तर ‘जगावं की मरावं हा एकच सवाल आहे’, म्हणजे लिअरच्या तोंडी सरळ हॅम्लेट. आता हे शुद्धतेच्या फूटपट्टीने मोजलं तर काय मार्क पडतील? पण महाराष्ट्रात एकाने तरी कधी उठून म्हटलंय का की तात्यासाहेबांनी लिअरची मोडतोड केली? उलट पिढ्यान् पिढ्या गॅदरिंगमध्ये पोरं ते स्वगत म्हणतायत, त्यातल्या अर्ध्या पोरांना ते डेन्मार्कहून आलंय ह्याचा पत्ता नाही आणि त्याने काही बिघडलेलं नाही. कॉर्डेलिया नाही म्हणून अप्पांना परत जायला जागाच उरत नाही, आणि निवृत्तीनंतर पोरांच्या दारात उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्याची गोष्ट तशीच असते. बदल म्हणून बदल केलेला नाही, बदलाला कारण आहे. एवढीच मोजणी मला मान्य आहे. बदल कुठे केला हे मोजू नका, त्या बदलाने मूळ नाटकातला प्रश्न मेला की नव्या जागी जिवंत झाला ते बघा.

मग हैदरमध्ये ती गाठ, तो मारू-का-नको, खरंच विरघळलाय का? सिनेमात एक छोटा प्रसंग आहे, मिनिटभराचा असेल नसेल. एक माणूस स्वतःच्या घराच्या दारात उभा आहे, घरचे आत बोलावतायत, आणि तो आत जातच नाही. खांबासारखा उभा. मग कुणीतरी येतं, त्याची अंगझडती घेतं, ओळखपत्र मागतं, आता जा म्हणतं, आणि तो मुकाट आत जातो. इतकी वर्षं झडती दिल्याशिवाय कुठल्याच दारातून आत गेलेला नाही, आता स्वतःच्या दारातूनही जाता येत नाही. (हा प्रसंग अख्तर मोहिउद्दीन ह्या काश्मिरी कथाकाराच्या गोष्टीवरून घेतलाय.) पहिल्यांदा बघताना हसू येतं आणि मग ते हसू घशात अडकतं. मला विचाराल तर हैदरमधला हॅम्लेट इथे आहे. पायात बळ आहे, दार उघडं आहे, घर स्वतःचं आहे, आणि तरी पाऊल उचलत नाही. शेक्सपिअरने एका राजपुत्राच्या डोक्यात जो लकवा दाखवला तो इथे गल्लीत, दारोदार, सगळ्यांना झालाय. गाठ बाहेर गेली म्हणून ती सुटली असं होत नाही ना? उलट ती आता एकट्या हैदरची राहिली नाही, त्यामुळे ती सोडवायला एका माणसाचं शहाणपण पुरणारही नाही. आणि ज्यांना पाठांतर हवंय त्यांच्यासाठी तेही आहेच, काका नमाज पढतोय, हैदरने मागून पिस्तूल रोखलंय आणि चाप ओढता येत नाही.

तीच गोष्ट ‘टू बी ऑर नॉट टू बी’ची. मूळ नाटकात बाप मेलाय ह्याबद्दल शंका नाही, त्याचं रीतसर दफन झालंय, शंका आहे ती कसा मेला ह्याची. हैदरच्या डॉक्टर बापाला एका अतिरेकी म्होरक्याचं घरात ऑपरेशन केलं म्हणून नेलं जातं आणि मग तो नाहीच. मेलेला नाही, जिवंत नाही, बेपत्ता. त्याची बायको गझाला स्वतःला आधी बेवा म्हणवते, अर्धी विधवा. हा शब्द कुणा पटकथालेखकाने टेबलावर बसून काढलेला नाही, काश्मिरात तो खरोखरच वापरात आला, आणि अशा बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांनी १९९४ मध्ये संघटना काढली होती. सिनेमाचा सहलेखक बशारत पीर हा तिथलाच पत्रकार, त्याला हे सांगायची गरज नव्हती. आता ह्या घरात ‘असावं की नसावं’ हा प्रश्न कसा विचारला जाईल? हॅम्लेट स्वतःबद्दल विचारतो, जगू की मरू. हैदरच्या तोंडी तो आधी बापाबद्दल येतो, आहे की नाही, आणि मग लाल चौकात डोकं भादरून, गळ्यात दोर अडकवून तो अख्ख्या गर्दीसमोर विचारतो, आपण आहोत की नाही आहोत. एका वाक्यातलं क्रियापद तेवढं हललं आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न पोलीस चौकीत जाऊन बसला. ह्याला मोडतोड म्हणायचं? भुताचंही तेच. हॅम्लेटला भीती असते की हे भूत म्हणजे सैतान तर नसेल, आपल्याला वापरून घेणारा. हैदरमध्ये भुताच्या जागी इरफानचा रूहदार बापाचा निरोप घेऊन येतो, काकाच्या दोन्ही डोळ्यांत गोळ्या घाल म्हणून, आणि काका सांगतो की हा माणूसच पाकिस्तानचा एजंट आहे, ह्यानेच तुझ्या बापाला मारलं. विश्वास कुणावर ठेवायचा? सोळाव्या शतकातला सैतान आज कुणाला घाबरवणार नाही, पण डबल एजंट घाबरवतो.

आता दुसरी बाजू, बायकॉटवाली. तिच्या म्हणण्यातही एक गोष्ट खरी आहे आणि ती मोठी आहे. १९९० मध्ये खोऱ्यातून काश्मिरी पंडित निघून गेले, सिनेमा घडतो १९९५ मध्ये, आणि त्या रिकाम्या घरांकडे कॅमेरा जवळपास बघतच नाही. ज्या सिनेमाचा विषयच ‘नसलेली माणसं’ आहे त्याने नसलेल्या माणसांचा एवढा मोठा गट गाळावा हे खुपतंच. मार्तंडच्या सूर्यमंदिराच्या अवशेषांत ते ‘बिस्मिल’ गाणं चित्रित केलंय, नाच अफाट आहे, त्यातल्या त्या राक्षसी बाहुल्या डोक्यातून जात नाहीत, पण ज्याच्या श्रद्धेची ती जागा आहे त्याला ते बघून राग आला तर त्याला अडाणी ठरवायचा हक्क मला नाही. एक नायक, एक घर, एका नजरेतून गोष्ट सांगतोय हे उत्तर देता येतं, आणि ते अर्ध बरोबरही आहे, हॅम्लेटमध्ये तरी डेन्मार्कच्या शेतकऱ्याचं काय चाललंय हे कुठे कळतं. पण अर्धच. उरलेलं अर्ध कर्ज सिनेमावर राहतंच.

पण ‘शेक्सपिअर करायचा तर करा, त्यात राजकारण कशाला’ हे जे पुढचं वाक्य येतं ना, ते मात्र साफ चूक. हॅम्लेट सुरूच होतो तो रात्रीच्या पहाऱ्यावर, ‘कोण आहे तिकडे’ ह्या प्रश्नाने. पडद्याआड लपून ऐकणारे प्रधान, मित्रावर पाळत ठेवणारे मित्र, वाटेत उघडली जाणारी पत्रं. ते हेरांनी भरलेल्या राज्याचं नाटक आहे, त्यात राजकारण घालावं लागत नाही, काढावं लागतं. १९६४ मध्ये कोझिंत्सेव ह्या दिग्दर्शकाने सोव्हिएत रशियात हॅम्लेटचा सिनेमा केला, पास्तरनाकचं भाषांतर आणि शोस्ताकोविचचं संगीत घेऊन, तेव्हा त्यातले ते दगडी किल्ले आणि कुजबुजणारे दरबारी कुठले आहेत हे तिथल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं असेल का? लांब कशाला जा, आपल्याकडे बघा. मराठीत हॅम्लेट आणला गोपाळ गणेश आगरकरांनी, ‘विकारविलसित’, १८८३. त्याच्या आदल्या वर्षी आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. कशासाठी? कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय, त्यांच्या जिवाला धोका आहे असा आरोप आगरकर-टिळकांच्या वृत्तपत्रांनी दिवाणावर केला, त्या बदनामीच्या खटल्यात. म्हणजे बघा, वेडा ठरवलेला राजपुत्र, संशयाच्या भोवऱ्यातला कारभारी, आणि त्याच सुमारास हा माणूस भाषांतराला नाटक निवडतो ते कुठलं! आगरकरांनी मनात हाच धागा धरला होता असा माझा दावा नाही, पण ते पुस्तक हातात घेणाऱ्या तेव्हाच्या पुणेकराला कोल्हापूर आठवलं नसेल हे मला पटत नाही. पुढे ह्याच चंद्रसेनावर, हो, हॅम्लेटचा आपल्याकडे चंद्रसेन झाला होता, नट गणपतराव जोशांनी महाराष्ट्र वेडा केला.

सिनेमातला सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच आहे आणि त्यावर कुणी भांडत नाही ह्याचं मला आश्चर्य वाटतं. हा बदल म्हणजे आई. तब्बूची गझाला. शेक्सपिअरच्या नाटकात राणी गर्ट्रूड हा एक कोराच कागद राहतो, तिला खुनाचं माहीत होतं की नव्हतं तेही धड कळत नाही, ती विषाचा पेला पिते तोही चुकून. हैदरमध्ये सिनेमाचा काटा तिच्याकडे झुकलाय, नवऱ्याने तिला न विचारता घर धोक्यात घातलेलं, दिराबद्दलची ओढ, मुलाबद्दलचा जरा जास्तच जवळचा जीव, आणि नकळत आपणच खबर दिली ही टोचणी. ह्यावर ‘शेक्सपिअरमध्ये असं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत आहे. ती १६०३ ची छोटी प्रत, जी १८२३ पर्यंत कुणाला माहीतच नव्हती, तिच्यात राणी मुलाला स्पष्ट शब्द देते की तू जो डाव रचशील त्यात मी साथ देईन. सॅक्सोच्या गोष्टीत तर ती त्याच्या सांगण्यावरून विणकाम करून ठेवते आणि त्याच जाळ्यात तो दारू पिऊन पडलेल्या दरबाऱ्यांना अडकवतो. म्हणजे हाताने काहीतरी करणारी आई जुनीच आहे, मधल्या काळात ती बाजूला बसवली गेली. भारद्वाजने तिला परत उठवलं, आणि शेवटी अंगावर हातबॉम्ब बांधून ती स्वतः निर्णय घेते. विषाचा पेला आता चुकून प्यायलेला नाही. हे बघताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो, दहाव्यांदा बघूनही.

आणि नेमकं इथेच सिनेमा घसरतो. पाय तुटलेला काका बर्फात सरपटतोय, मारून टाक म्हणून विनवतोय, हैदरच्या हातात पिस्तूल आहे, बापाचा निरोप डोक्यात आहे आणि आईचे तुकडे समोर पडलेत. एवढं सगळं उभं केल्यावर हैदर वळून निघून जातो, हे मला हजारदा मान्य. सॅक्सोचा नायक जिवंत राहिला होता, शेक्सपिअरने मारला, भारद्वाजने परत जिवंत ठेवला, ठेवू दे. फोर्टिनब्रास नाही तेही बरोबर, कारण शेवटी बाहेरून फौज येऊन व्यवस्था लावणार कशी, ह्या गोष्टीत फौज पहिल्या सीनपासून तिथेच आहे. पण तो का निघून जातो हे आपल्याला कळणार नाही असं वाटून की काय, सिनेमा आजोबांचं ते वाक्य, बदल्यातून फक्त बदलाच जन्मतो, पुन्हा कानात ओततो. अरे, कशाला? हॅम्लेट मरताना सुविचार सांगत नाही. तो म्हणतो, माझी गोष्ट सांग, आणि पुढे शांतता. अडीच तास प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ ठेवणाऱ्या सिनेमाने सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीला शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखा एकच अर्थ द्यावा? तो दमला म्हणून गेला का, किळस आली म्हणून, की काकाला जिवंत ठेवणं हाच जास्त क्रूर सूड आहे म्हणून? हा शेवटचा अर्थ तर भयानक आहे आणि दृश्यात तो दिसतोसुद्धा, पण वाक्य त्याला दाबून टाकतं. मला वाटतं इथे भीती होती, आपल्या गोष्टीचा कुणी भलता अर्थ काढेल ही. वरून पुरात लष्कराने केलेल्या मदतीला सलाम करणारी पाटीही शेवटी येते, ती त्याच महिन्याभरात आलेल्या पुरामुळे, आणि ते काम खरंच मोठं होतं, पण सिनेमाच्या शेवटी ती जामिनाच्या कागदासारखी दिसते.

हे मी भक्ताला सांगितलं तर तो म्हणाला, पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळालेत, तू कोण. ह्यावर काय बोलणार? पुरस्कार हे उत्तर असेल तर मग वादच कशाला, यादी वाचा आणि झोपा. ज्याला सिनेमा आवडतो त्यानेच त्याची जागा दाखवायची असते, नाहीतर ती जागा भलते लोक भलत्या कारणासाठी दाखवत बसतात.

निघताना मित्राच्या बायकोने, जी इतका वेळ काहीच बोलली नव्हती, विचारलं की काश्मिरातल्या लोकांना कसा वाटला हा सिनेमा. आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी सांगितलं ते एवढंच, की २०१४ मध्ये खोऱ्यात तो लागायला चालू थिएटरच नव्हतं, १९९० च्या सुमारास ती बंद पडली होती, श्रीनगरला मल्टिप्लेक्स आलं ते २०२२ मध्ये. सिनेमातले ते दोन सलमानवेडे पोरं व्हिडिओ कॅसेटचं दुकान चालवतात ना, ते उगाच नाही.